साक्षीचा तुकडा

घामानं माणूस मरत नाही. एवढं साधं वाक्य मी अकरा दिवस तोंडात धरून बसले होते. बाहेर काढलं तेव्हा कुणी शाबासकी दिली नाही, आणि देऊही नये. माझा राग मात्र अजून जागच्या जागी आहे. आधी कंपनीवर, मग माझ्यावर. हा क्रम बरोबर आहे की उलटा, ते तुम्हीच ठरवा.

मी प्रणाली भुवड. उन्हवाडीच्या भूताप केंद्रात चाचणीखोली सांभाळते. आमच्या लहानपणी उन्हवाडीत गरम पाण्याचं एक कुंड होतं आणि खरूज-नायट्याची माणसं लांबून तिथे आंघोळीला यायची. आता त्या जागी सहा विहिरी आहेत. एकेक विहीर अडीच किलोमीटर खोल, आणि त्यांच्या वाफेवर अर्ध्या जिल्ह्याचे दिवे लागतात. माझा धाकटा भाऊ सुयोग विहिरीच्या तोंडावर काम करायचा. त्याच्या जोडीला याकूब परकार. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले, दहावीला एकाच विषयात नापास झालेले. विहिरीवर कुणी सुयोगला हाक मारली की दोघंही वळून बघायचे.

पुढचं समजायचं तर आधी प्लग समजून घ्या. विहिरीच्या तोंडावर एक भलामोठा व्हॉल्व्ह असतो. तो वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि बदलताना खालून उकळतं पाणी वर येऊ नये म्हणून विहिरीत तीनशे मीटरवर प्लग ठोकून बसवतात. पूर्वी हे प्लग लोखंडी असत. व्हॉल्व्ह बदलायला एक दिवस लागायचा आणि मग तो प्लग कातून बाहेर काढायला आठवडा. आता प्लग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. पोलादाइतका घट्ट बसतो, पण खाऱ्या गरम पाण्यात हळूहळू विरघळतो. आठ तास टिकतो, तेवढ्यात व्हॉल्व्ह बदलायचा, आणि नंतर प्लग आपोआप नाहीसा. काढायला नको, शोधायला नको.

शोधायला नको, हे कंपन्यांना फारच आवडलं. दहा वर्षांत प्लगच काय, विहिरीत सोडायचे गोळे, कड्या, मोजमापाची यंत्रं, सगळंच विरघळणारं निघालं. अपघात झाला तर विहिरीत सापडणार काय? गरम पाणी. मग सरकारनं नवा नियम काढला. पुरावा मिळत नाही ना, मग चौकशी गणितानं करायची. सगळ्या नोंदी आणि जबाब एका यंत्राला द्यायचे, आणि यंत्र सांगेल की कुठलं कारण किती टक्के संभवतं. यंत्र खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्याला जे सांगितलंच नाही, ते त्यानं कुठून आणावं?

आता राहिला साक्षीचा तुकडा. प्रत्येक प्लगबरोबर त्याच्याच ओतकामातला बोटभर लांबीचा एक तुकडा येतो. प्लग खाली गेला की त्याच क्षणी तो तुकडा चाचणीखोलीतल्या कुकरमध्ये टाकायचा. आम्ही कुकर म्हणतो, तशी ती जाड काचेची खिडकी असलेली पोलादी टाकी आहे. आत त्याच विहिरीचं पाणी, तेवढंच गरम, तेवढ्याच दाबाखाली. खाली प्लगचं जे होत असेल ते वर तुकड्याचं होताना दिसतं. तुकडा निम्म्यावर आला की मी वॉकीटॉकीवर ओरडायचं आणि विहिरीवरच्या माणसांनी हातातलं टाकून पळायचं. दोन माणसांचा जीव त्या तुकड्यावर आणि माझ्या डोळ्यांवर असतो.

यात एक मेख आहे. मॅग्नेशियम विरघळताना भोवतालचं पाणी चुन्याच्या पाण्यासारखं करून टाकतं. मग तुकड्यावर पांढरी साय धरते आणि विरघळणं मंदावतं. विहिरीत असं होत नाही, कारण तिथे पाणी थांबत नाही. तापलेलं वर येतं, निवलेलं खाली जातं, प्लगला सतत ताजं पाणी लागत राहतं. म्हणून कुकरचं पाणीही दर अर्ध्या तासानं बदलायचं, असा पाच वर्षांपूर्वीचा नियम होता. एक माणूस विहिरीच्या तोटीवरून पोलादी बाटलीत पाणी भरून आणायचा. बाटली हातात जड, वाट चढाची. तो माणूस सारखा कुरकुरायचा आणि सारखं पाणी आणायचा.

गेल्या वर्षी नियमावली सुधारली. 'पाणी बदलणे आवश्यक नाही.' तो माणूस दुसरीकडे पाठवला, फॉर्मवरचा पाण्याचा रकानाही उडवला. मी पाच चाचण्या करून लिहिलं होतं की आपल्या पहिल्या तीन विहिरींत फरक थोडा पडतो, पण जास्त खारट विहिरीत पाणी बदललंच पाहिजे. अंतिम प्रतीत माझं दुसरं वाक्य नव्हतं. मला ते दिसलं. केंद्राचे व्यवस्थापक निखिल वर्तक म्हणाले, "प्रणाली, सगळंच लिहीत बसलो तर नियमावलीचं पुराण होईल." त्याच आठवड्यात मला नोकरीत कायम केल्याचं पत्र यायचं होतं. मी सही केली.

चौथी विहीर सगळ्यांत खारट निघाली.

त्या सकाळी तिथे व्हॉल्व्ह बदलायचं काम सुरू होऊन साडेचार तास झाले होते. वॉकीटॉकीवर याकूबचा आवाज आला, "ताई, किती राहिलाय आपला तुकडा? बोल्ट दोनच उरलेत, पण एक अडून बसलाय."

मी काचेतून पाहिलं. तुकडा चांगला जाड होता.

"निम्म्याहून जास्त आहे," मी म्हटलं. "निवांत करा."

सुयोग मोठा पाना आणायला विहिरीवरच्या मचाणावरून खाली उतरला होता, म्हणून तो वाचला. दहा मिनिटांनी जो आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. वाफेचा ढग निवळल्यावर याकूबला खाली उतरवलं तेव्हा तो जिवंत नव्हता.

मी चाचणीखोलीत परत गेले आणि कुकर उघडला. पाणी दुधासारखं पांढरं. तुकडा निम्म्याहून जाड, त्यावर बोटानं खरवडून निघेल अशी साय. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी नाही, विचार करून नाही. त्याच क्षणी.

संध्याकाळी वर्तकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते याकूबच्या घरी जाऊन आले होते आणि चेहरा तसाच शोकाचा ठेवला होता.

"सुयोगनं जबाबात सांगितलंय की प्लग बसवताना त्याच्या हातात मोजे नव्हते."

"मोजे फाटले होते. नवे दोन महिने मागतोय आम्ही."

"ते असो. घामात मीठ असतं. उघड्या, घामट हातानं धरल्यामुळे प्लगवरच्या संरक्षक आवरणाला धक्का लागला. तुकड्याला कुणी हात लावला नव्हता, म्हणून तुकडा शाबूत राहिला. यंत्र हेच सांगतंय. एक्क्याऐंशी टक्के."

"सर, कुकरचं पाणी..."

"त्या कागदावर सही कुणाची आहे?" त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. "तुझ्यावर चौकशी आली तर सदोष मनुष्यवधापर्यंत जाईल. सुयोगचं काय, हातून चुकलं. निलंबन होईल, मी सांभाळून घेईन. तू आमच्या घरची माणूस आहेस, प्रणाली. उगाच दोघांनी कशाला बुडायचं?"

घरची माणूस! आठ वर्षांत या माणसानं मला स्वतःच्या टेबलावर बसवून चहा पाजला नव्हता. त्याच वेळी त्याच्या थोबाडावर कागद फेकायला हवा होता. मी "बरं" म्हणून बाहेर आले.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सुयोग दुसऱ्या दिवशी दुपारी याकूबच्या दफनाला म्हणून गेला आणि लगेच परत आला. मी विचारलं, "झालं सगळं?" तो "हं" म्हणाला आणि पडवीत बसून राहिला. त्यानंतर तो जेवायचा कमी आणि हात धुवायचा जास्त. साबणाची वडी दोन दिवसांत संपायची.

पाचव्या दिवशी मी भाकऱ्या करत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

"ताई, मला लहानपणापासून हाताला घाम येतो ना गो? पाटीवर लिहिताना पेन्सिल सटकायची माझी. बाई मारायच्या."

तवा तापला होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की सुयोग, घामानं काही झालेलं नाही. तोंडात वाक्य तयार होतं.

"येतो," मी म्हटलं.

तो मान हलवून परत गेला. त्या एका शब्दाचा मला जितका संताप येतो तितका सहीचाही येत नाही. सही करताना समोर कागद होता. हा शब्द बोलताना समोर माझा भाऊ होता.

अकराव्या दिवशी केंद्राच्या सभागृहात सुनावणी झाली. खोल विहिरींच्या सुरक्षेच्या सरकारी कार्यालयातून सोनकांबळे मॅडम आल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, समोरचा बोलायचा थांबला तरी त्याच्याकडे बघत राहणाऱ्या. वर्तकांनी पडद्यावर यंत्राचा निष्कर्ष दाखवला. एक्क्याऐंशी टक्के, उघड्या हातांनी हाताळणी. मग मॅडमनी सुयोगला विचारलं, "तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

सुयोग उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यानं, याकूबच्या भावाच्या लग्नातला.

"नाही मॅडम. मान्य आहे. माझ्याच हातानं मेला तो."

आणि वर्तकांनी मान तुकवली. दुःखानं, समजूतदारपणे, जसं काही मुलानं चूक कबूल केली म्हणून गुरुजींना भरून आलं. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"खोटं आहे!" मी उठून उभी राहिले. "घामानं आवरण जायला तो प्लग महिनाभर काखेत घेऊन झोपावं लागेल! ह्यानं तो चार मिनिटं हातात धरला होता."

"प्रणाली, खाली बस," वर्तक म्हणाले.

"नाही बसत. मॅडम, साक्षीचा तुकडा माझ्या कपाटात तेलात बुडवून ठेवलाय. त्याचे मी दोन भाग करते. दोन्ही भाग सुयोगच्या हातात देते, लागेल तेवढा घाम लावू दे. दोन कुकर लावते, दोन्हींत चौथ्या विहिरीचं पाणी. एकाचं पाणी दर अर्ध्या तासानं बदलायचं, दुसऱ्याचं नाही. बस्स. घाम सारखा, धातू सारखा. मग बघा काय होतं ते."

"हे काय शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आहे का?" वर्तक हसले. "मॅडम, यंत्राचा निष्कर्ष कायद्यानं ग्राह्य आहे."

सोनकांबळे मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मी चार वाजेपर्यंत आहे. चहा सांगा."

मी तुकडा करवतीनं कापला. दोन्ही भागांवरची साय काचकागदानं घासून काढली. सुयोगच्या तळहातावर ते ठेवले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीच न समजून, आणि मुठी मिटल्या.

"सर, तुम्हीही धरता का?" मी वर्तकांना विचारलं. "पण तुमच्या हाताला घाम कुठून येणार? तुमच्या केबिनमध्ये एसी आहे."

मी बाटली उचलली.

तोटीवरून पाणी मीच भरून आणलं. कुणाला हात लावू दिला नाही. दर अर्ध्या तासानं चढ उतरायचा, बाटली भरायची, चढ चढायचा. तिसऱ्या खेपेला दम लागला तेव्हा मला त्या कुरकुरणाऱ्या माणसाची आठवण झाली. त्याची कुरकुर ऐकली असती आणि त्याच्यासाठी दुसरी बाटली, जोडीला दुसरा माणूस मागितला असता, तर आज याकूब जिवंत असता. नियम काढून टाकणं सोपं पडलं.

तीन तासांनी पहिल्या कुकरच्या खिडकीत काही उरलं नाही. नितळ पाणी, तळाशी चिमूटभर गाळ. दुसऱ्यात पांढरं पाणी आणि त्यात जाडजूड तुकडा. सोनकांबळे मॅडम खिडकीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी पाणी बदललं असतं तर तुम्हाला आधी कळलं असतं."

"दोन तास आधी. याकूब तोवर खाली उतरला असता."

"पाणी बदलू नका हे कुणी ठरवलं?"

वर्तक माझ्याकडे बघत होते. मी काय बोलणार ते त्यांना माहीत होतं आणि बुडताना मलाही बरोबर ओढून नेता येईल याची त्यांना खात्री होती.

"ठरवलं ह्यांनी. माझं एक वाक्य गाळलंही ह्यांनी. मूळ अहवाल माझ्या संगणकावर तारखेसकट आहे. पण शेवटच्या कागदावर सही माझी आहे, मॅडम. वाक्य गाळलेलं बघून केलेली."

मॅडमनी ते लिहून घेतलं. दोघांचीही नावं. वर्तक वकिलाला फोन लावत बाहेर गेले.

सुयोग बाहेर गाड्या लावायच्या शेडखाली उभा होता. मला वाटलं, रडत असेल. रडत नव्हता.

"तुला कधी कळलं?"

"सुयोग..."

"कधी कळलं ते सांग."

"त्याच सकाळी. कुकर उघडला तेव्हा."

त्यानं हिशेब केला असावा, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पहिल्यांदाच मी त्याला माझ्यावर इतका चिडलेला पाहत होते, आणि तो ओरडतही नव्हता.

"म्हणजे मी तुला घामाचं विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं. मी रोज तुझ्या हातचं जेवत होतो तेव्हा माहीत होतं. मी रात्री उठून बसायचो, तू पाणी आणून द्यायचीस. तेव्हाही."

"मी घाबरले होते रे."

"मीपण घाबरलो होतो!" आता तो ओरडला. "मला वाटायचं मी माणूस मारलाय! याकूबला मारलाय मी! तू घाबरलीस ते नोकरीला. तुझं भिणं आणि माझं भिणं, ताई, दोन्ही सारखं नाही!"

मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले. तो मागे सरकला.

"मला काही सांगू नको. हलिमा खालाला जाऊन सांग. आत्ता जा. आणि एकटी जा. मी तुझ्याबरोबर त्या दारात उभा राहणार नाही."

याकूबचं घर खाडीच्या बाजूला, मशिदीच्या मागच्या मोहल्ल्यात आहे. हलिमा खाला, म्हणजे त्याची आई, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. लहानपणी याकूब आणि सुयोग याच ओटीवर अभ्यासाच्या नावाखाली मारामाऱ्या करायचे. तिनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाणी, साय, नियम, सही. 'निवांत करा' हे माझे शब्द होते, तेही. यातलं एकही वाक्य मी सोपं केलं नाही.

तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे सुयोगचा हात नव्हता त्यात."

"नव्हता, खाला."

"तुमचा तो साहेब त्याच संध्याकाळी आला होता. म्हणाला, जोडीदाराच्या निष्काळजीपणानं गेला. मी वेडी झाले होते. मी कासिमला सांगून पाठवलं, सुयोग आला तर कबरस्तानाच्या फाटकातनं आत घेऊ नका." कासिम म्हणजे तिचा दीर. "तो आला होता. सगळे तीन-तीन मुठी माती देत होते आणि तो रस्त्यावर उभा होता. कासिमनं त्याच्या छातीला हात लावून मागे ढकलला. तो तसाच निघून गेला."

मला हे ठाऊक नव्हतं. तो दफनाहून लवकर परत आला होता, आणि मी विचारलं होतं, झालं सगळं?

"त्या संध्याकाळी तू येऊन हेच सांगितलं असतंस," खाला म्हणाली, "तर माझ्या पोराला त्याच्या दोस्ताची माती मिळाली असती. ती आता कुठून देशील?"

"नाही देता येणार."

"मग इथे उभी राहून रडू नकोस. त्या पोराचं नाव मी ह्या तोंडानं सगळ्या मोहल्ल्यात खराब केलंय. घराघरात सांगितलंय. आता तू जा. घराघरात जाऊन सांग, कुणी मारलं ते. कासिमपासून सुरुवात कर."

मी गेले. कासिमचाचांनी सगळं ऐकून घेतलं, मग दार लावून घेतलं. पुढच्या घरातल्या बाईनं मला ओळखलं नाही, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझं नाव सांगितलं, मग सही सांगितली.